शाकारलेली नौका

वैशाख सरत आला म्हणजे कोंकणच्या किनाऱ्यावर एक काम सुरू होतें. त्याला आपल्या भाषेंत 'शाकारणें' असा नेमका शब्द आहे. पावसाच्या भयानें जसें घर शाकारावयाचें, तशीच नौकाही. उधाणाच्या भरतीला ती शक्य तितकी वर घ्यावयाची, खालीं ओंडके घालून दहापांच माणसांनीं ओढीत उंचवट्यावर आणावयाची आणि दोहों बाजूंनीं टेकू देऊन उभी करावयाची. मग शीड, दोर, वल्हीं, सुकाणू उतरावयाचीं. तळाला चिकटलेले शिंपले खरडावयाचे. फळ्यांच्या सांध्यांत तेलांत भिजविलेला कापूस ठासावयाचा. उन्हानें सुकलेल्या लाकडाला तेल पाजावयाचें. आणि शेवटीं माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालून नौका झाकून टाकावयाची. शीड पुन्हा चढे तें नारळी पौर्णिमेच्या सुमारास. आतां बहुतेक नौकांवर शिडाच्या जागीं यंत्र आलें आहे आणि झापांच्या जागीं प्लॅस्टिकचा कागद. परंतु कामाचा क्रम तोच राहिला आहे.

देशावरच्या वाचकाला, जुन्नराकडील पिंपळवंडीसारख्या गांवीं राहणाऱ्याला, हें सारें दूरचें वाटेल. पण शेतकऱ्याच्या आणि खलाशाच्या एकेका साधनाला मराठींत एकच नांव आहे, तें म्हणजे नांगर. उन्हाळ्याच्या त्याच दिवसांत देशावर नांगर भुईंत रुततो आणि किनाऱ्यावर तो पाण्यांतून वर येतो. एकाच्या उद्योगाची ती सुरुवात, दुसऱ्याच्या उद्योगाची ती समाप्ति. उद्योगाची थोरवी आपण मुलांना पाठ्यपुस्तकांतून शिकवितों. थांबण्याविषयीं मात्र कोणी धडा लिहीत नाहीं. थांबणें हा गुण आहे, कीं केवळ निरुपाय आहे, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

कोणी म्हणेल, 'यांत नीतीचा संबंध काय? पावसाळ्यांत समुद्र खवळतो, जाणारा बुडतो, म्हणून शहाणा माणूस जात नाहीं.' हा आक्षेप शिडाच्या काळापुरता जवळजवळ पूर्णपणें खरा आहे. नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि शिडाच्या नौकेला खडकांकडेच ढकलीत नेतो. तेथें खलाशाला निवड अशी नव्हतीच. आणि जेथें निवड नाहीं तेथें न जाण्याचें पुण्यही त्याच्या पदरीं बांधतां येत नाहीं. भयानें पाळलेला नेम हा नेम खरा, पण त्याला संयम म्हणणें कठीण आहे.

पुढें वाफेचें यंत्र आलें आणि ऋतूची सत्ता संपली असें माणसाला वाटूं लागलें. १७ जुलै १९४७ रोजीं, भर पावसाळ्यांत, 'रामदास' ही आगबोट मुंबईहून रेवसकडे निघाली. ती वाटेंतच बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. वार्षिक सणाला घरीं पोंचण्याची ओढ असलेलीं हीं साधीं माणसें होतीं. यंत्रानें सामर्थ्य वाढतें, वारा कमी होत नाहीं, हें त्या एका दिवसानें कायमचें लिहून ठेवलें आहे.

तथापि हा धडाही भयाचाच. यंत्रें आणखी बळकट झालीं, हवामानाची सूचना आगाऊ मिळूं लागली; आजची मोठी यंत्रनौका जुलैंतल्या कित्येक दिवशीं निर्वेधपणें जाऊन परत येऊं शकेल. 'जाऊं नकोस, बुडशील' हें वाक्य तिच्यापुढें पुष्कळसें दुबळें झालें आहे. माझ्या मतें नीतीचा प्रश्न येथेंच प्रथम उभा राहतो. आपण जाऊं शकतों, आपल्याला अपाय होण्याचा संभवही थोडा आहे; मग थांबावें कां?

महाराष्ट्रांत १९८१ च्या सागरी मासेमारी नियमनाच्या कायद्यान्वयें यांत्रिक नौकांवर पावसाळ्यांत बंदी असते. अलीकडच्या वर्षांत ती १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, चालते. तिला एक कारण वादळाचें आहे. दुसरें असें कीं, हे दिवस पुष्कळशा माशांच्या विणीचे आहेत. पूर्वीं खलाशी स्वतःच्या जिवासाठीं थांबत असे. आतां त्यानें जन्मास न आलेल्या जिवांसाठींही थांबावयाचें आहे.

हा विचार परका नाहीं. त्याच्या खुणा शोधण्यास समुद्रावर जाण्याचीही गरज नाहीं. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत दीडशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत आणि त्यांतलीं बहुतेक बौद्धांचीं आहेत. नाणेघाटानें कल्याण बंदराकडे माल उतरत असे त्याच वाटेच्या आसपासचीं हीं स्थानें. एरवीं फिरावें आणि पावसाळ्यांत एके ठिकाणीं राहावें, असा भिक्षूंचा वर्षावासाचा नियम होता. त्याचें कारण विनयपिटकांत सांगितलें आहे: पावसाळ्यांत फिरणाऱ्या भिक्षूंच्या पायांखालीं कोंवळें गवत आणि बारीक जीव तुडविले जातात, अशी लोकांनीं तक्रार केली. भिक्षूला पाय घसरण्याचें भय होतें म्हणून तो थांबला नाहीं. त्याच्या पायांचें भय दुसऱ्यांना होतें म्हणून तो थांबला. स्वतःच्या रक्षणासाठीं थांबणें हें चातुर्य. आपल्यापासून दुसऱ्याचें रक्षण व्हावें म्हणून थांबणें हा धर्म.

परंतु एवढ्यावर समाधान मानून उठणें सुशिक्षित माणसाला सोपें आहे, आणि म्हणूनच धोक्याचें आहे. भिक्षूला वर्षावासांत गांव भिक्षा घालीत असे. खलाशाला कोण घालतें? नौकेला तेल मिळतें, टेकू मिळतो, छप्पर मिळतें. कारण ती पुढच्या हंगामाची ठेव आहे असें मालक जाणतो. जो तिच्यावर रोजंदारीनें राबतो त्याचे ते दोन महिने बहुधा उधारीवर निघतात. एखादी नौका बंदी मोडून निघाली तर आपण तिला लोभी म्हणतों; पण तो लोभ आहे कीं सावकाराचा हप्ता, हें पाहण्याची तसदी घेत नाहीं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराविषयीं लिहितांना या प्रश्नाची किल्ली सांपडते. आरमाराला लाकूड हवें, आंबे-फणसाचें लाकूडही उपयोगाचें. तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावूं नये, कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असें तेथें बजावलें आहे. एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तें घ्यावें. राज्याचें कार्य कितीही मोठें असलें तरी त्याचा भार मुकाट्यानें दुर्बळावर ढकलावयाचा नाहीं, हें त्यांतलें तत्त्व. तेंच येथें लागू करावें. समुद्रांत मासा उरावा हें हित साऱ्यांचें आहे. मग त्यासाठीं सोसावयाचे दोन महिने एकट्या खलाशाच्या चुलीवर कां? मालकानें, सरकारनें आणि ताटांत मासा वाढून घेणाऱ्यानें त्यांत आपापला वाटा उचलावा, हें दान नव्हे, देणें आहे.

आपल्या साधनाला कोण किती जपतो हें त्याच्या कामाच्या दिवसांत कळत नाहीं; त्या वेळीं स्वार्थच जपणूक करून घेतो. ज्या दिवसांत त्यापासून कांहींच मिळावयाचें नाहीं, त्या दिवसांत त्याला तेल पाजणारा हात खरा जाणता. किनाऱ्यावरच्या लोकांनीं नौकेच्या बाबतींत ही जाण पिढ्यान्‌पिढ्या टिकविली आहे. ती नौकेवरून माणसाकडे नेणें, एवढेंच आपल्याकडून व्हावयाचें राहिलें आहे.