रक्ताचा कायदा आणि युद्धबंदीचे महिने

इस्लामपूर्व अरबस्तानाच्या धर्माबद्दल लिहिणारे बहुतेक जण मूर्तींपासून सुरुवात करतात. ताइफची लात, नखल्याची उझ्झा, कुदैदची मनात, काबागृहातला हुबल अशी नावे सांगून झाली की विषय संपल्यासारखा वाटतो. मला ही वाट चुकीची वाटते. तिथे माणसाला जगवत होते ते रक्ताचे नाते. त्या नात्याच्या कायद्याला धर्माने कुठे अडवले, हे पाहिले तरच धर्माचे काम कळते.

हिजाझच्या वाळवंटात राजा नव्हता, कोतवाल नव्हता. खून झाला तर दाद टोळीकडे. सूड घेणे हे मृताच्या भाऊबंदांचे कर्तव्य, आणि तो खुन्यावरच घेतला पाहिजे असेही नाही. त्याच्या टोळीतला कुणीही चाले. याला रानटीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण एकाच्या अविचाराची किंमत सगळ्यांना मोजावी लागणार, या धाकानेच कित्येक हात आवरले जात. टोळी आपल्या माणसांवर नजर ठेवी आणि फार डोईजड झालेल्याला जाहीरपणे बाहेर काढी. मग त्याला कुणीही मारावे, विचारणारा कुणी नसे. शन्फरासारख्या सुअलूक, म्हणजे टोळीबाहेर पडलेल्या, कवींची कविता या निराधार जगण्यातून आली आहे.

हा कायदा सुरू होई, पण थांबवायचा कसा, हे त्याला ठाऊक नव्हते. खुनाच्या बदल्यात उंट घेऊन तडजोड करता येई. मात्र तीत अनेकांना कमीपणा वाटे. बक्र आणि तग्लिब या सख्ख्या टोळ्यांमधले बसूसचे युद्ध एका सांडणीवरून पेटले आणि ४० वर्षे चालले, असे परंपरा सांगते. आकडा अक्षरशः घेऊ नये, पण थकवा खरा असणार.

इथे धर्म उपयोगी पडला. जुल्कादा, जुल्हिज्जा, मुहर्रम हे लागोपाठचे तीन महिने आणि वेगळा पडलेला रजब, या काळात शस्त्र उचलायचे नाही. उकाझच्या बाजारात बापाचा मारेकरी समोर आला तरी हात बांधलेले. या शांततेतच व्यापार होई, कवी एकमेकांशी स्पर्धा करत, यात्रा मक्केला पोहोचत. सहाव्या शतकाच्या अखेरीस कुरैश आणि हवाझिन या टोळ्यांमध्ये झालेल्या लढाईने ही मर्यादा मोडली. ती लढाई लोकांच्या स्मरणात राहिली ती ‘फिजार’, म्हणजे पापाचे युद्ध, या नावाने.

देवांचा अधिकार मात्र तोकडाच होता. इब्न अल-कल्बीच्या मूर्तींवरील ग्रंथात कवी इमरुल कैसची गोष्ट आहे. बापाच्या खुनाचा बदला घ्यावा का, हे विचारायला त्याने जुल्खलसा या देवापुढे बाण काढले. कौल नकाराचा आला. त्याने बाण मोडून मूर्तीवर फेकले आणि तो सूड घ्यायला निघाला. ग्रंथ घटनेनंतर दोन शतकांहून अधिक काळाने लिहिलेला, म्हणून मी ती बातमी मानत नाही. पण रक्तापुढे देवाची पायरी कोणती, हे ती नेमके सांगते.

एकेश्वराची कल्पनाही अरबस्तानाला नवी नव्हती. यमनच्या हिम्यारी राजांचे शिलालेख चौथ्या शतकाच्या अखेरपासून जुने देव सोडून एकाच देवाचे नाव घेतात; पुढे त्याला ‘रहमानान’ म्हटलेले दिसते. नजरानमध्ये ख्रिस्ती होते, यसरिबमध्ये ज्यू टोळ्या होत्या. म्हणून मुहम्मद पैगंबरांना झालेला विरोध केवळ दगडी मूर्तींसाठी होता, हे मला पटत नाही. पूर्वजांची वाट आणि कुळाचा मान पणाला लागले होते. सुन्नी परंपरेनुसार काका अबू तालिब यांनी पुतण्याचा धर्म स्वीकारला नाही, तरी मरेपर्यंत त्याला कुळाचे संरक्षण दिले. त्यांच्यानंतर ते छत्र गेले आणि ताइफहून परतताना पैगंबरांना मक्केत शिरता आले ते मुतइम इब्न अदी या मूर्तिपूजकाच्या आश्रयाने. पुढे ६२२ मध्ये ते यसरिबला गेले. तिथल्या करारनाम्यात श्रद्धावंतांचा एक नवा समाज जाहीर झाला, आणि त्याच करारनाम्यात प्रत्येक कुळाने खुनाची भरपाई पूर्वीच्याच रिवाजाने भरावी, असेही ठरले.