सवय आहे, साहेब

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला येणारा माणूस आणि सप्ताहात निरूपण करणारे बुवा, दोघांचंही देहाविषयीचं मत सारखंच असतं. फरक इतकाच, की बुवा दुरून बोलतात. हा गृहस्थ सहा बुचं उघडून त्यांत डोकावतो.

आत सौम्य गंधकाम्ल असतं. 'सौम्य' हा शब्द रसायनशास्त्रात आणि लग्नाच्या स्थळांत सारखाच फसवा. शर्टावर थेंब उडाला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. धुतल्यावर चाळण हातात येते. डोळ्याला एवढी सवलत नाही. तिथे ताबडतोब निदान १५ मिनिटं पाण्याची धार, आणि तडक डॉक्टर. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन निघतो. कोंदट कोपऱ्यात हवेत तो ४ टक्के झाला, की नुसती ठिणगीची वाट बघतो; आणि पान्हा दोन्ही टोकांना एकदम टेकला की ठिणगी तयार! १८५९ साली गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाने ही बॅटरी शोधली. तेव्हापासून आम्लाच्या स्वभावात काडीचा फरक नाही.

"अहो, डोळ्यांना चष्मा लावा," मी म्हणतो.

"सवय आहे, साहेब. वीस वर्षं झाली."

आता सवय याला झाली, आम्लाला कुठे झालीय? पण डोळा त्याचा. त्याच्या डोळ्याबद्दल त्यालाच उपदेश करणारा मी कोण? शेजारचे नाना तर म्हणतात, "त्याचा डोळा, त्याची मर्जी." वाक्य ऐकायला झकास आहे. मात्र त्या मर्जीचा हिशेब पाहा. घरामागे ठरलेले पैसे, एका फेरीत बारा घरं. चष्म्यावर घाम धरतो, तो पुसायला वेळ जातो, आणि त्या वेळेचे पैसे बारांपैकी एकही घर देत नाही. म्हणजे ज्याला आपण त्याची सवय म्हणतो, ती बरीचशी आपल्याच दराची आहे. डोळा त्याचा खरा, पण पंखा माझा फिरतो!

मी एक चष्मा आणून इन्व्हर्टरच्या ट्रॉलीला टांगला आणि वर वीस रुपये देऊ लागलो. तो आता आमच्या घरापुरता चष्मा लावतो. उरलेल्या अकरा घरी सवय आहेच.

नाना म्हणतात, अशाने भाव बिघडतात. "आणि मग तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर उभं राहून एसी दुरुस्त करणाऱ्याला कमरेचा पट्टाही तुम्हीच आणणार का?"

एसीवाला गुरुवारी यायचा आहे.