जोडीचे दर्शन

अंगावरची हळद उतरण्याआधी नवरा-नवरीने देवाला जाऊन यावे, ही रीत यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक घरांत आजही पाळली जाते. कोणी कळंबच्या चिंतामणीला जाते, कोणी पैनगंगा ओलांडून माहूरला रेणुकेची ओटी भरते आणि कुटलेल्या विड्याचा प्रसाद घेऊन परतते. हल्ली त्याच फेरीत सहस्रकुंडचा धबधबा आणि टिपेश्वरचे जंगलही होते. अशा प्रवासाला यात्रा म्हणावे की सहल?

तीर्थाटन आणि पर्यटन या दोन्ही शब्दांत 'अटन', म्हणजे फिरणे, आहे. फरक आहे तो 'तीर्थ' या शब्दात. तीर्थ म्हणजे पलीकडे उतरून जाण्याची जागा. म्हणून शास्त्राने यात्रेला संकल्प आणि नियम सांगितले. हा संकल्प जोडीचा असतो. पाणिनीने 'पत्नी' हा शब्दच यज्ञातल्या सहभागाच्या संबंधाने सिद्ध केला आहे. लग्नातही वर धर्म, अर्थ आणि काम यांत वधूला डावलणार नाही असे वचन देतो. तेव्हा एकाने दर्शन घ्यायचे आणि दुसऱ्याने चपला-पिशव्या राखत बाहेर थांबायचे, ही यात्रा अर्धीच.

कळंबला गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. उन्हातून पायऱ्या उतरताना क्षणभर काही दिसत नाही. मग समोर कुंड आणि शेंदरी मूर्ती हळूहळू स्पष्ट होते. कधी कुंडाचे पाणी मूर्तीपर्यंत चढते, तेव्हा गंगा आली म्हणून लोक लोटतात. इथली कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. इंद्राने अहल्येशी कपट केले, गौतमाचा शाप ओढवून घेतला आणि कदंबाच्या झाडाखाली गणेशाची आराधना करून तो त्यातून सुटला. दुसऱ्याचा संसार मोडणाऱ्याच्या प्रायश्चित्ताची ही जागा आहे. नव्या जोडप्याने ती कथा ऐकूनच पायरी उतरावी. विश्वास मोडणे किती सोपे आणि भरपाई किती कठीण, हे तिथे उमगते.

पण जिथे कोणी देव स्थापलाच नाही, तिथे दर्शन घडते का? झरी जामणी तालुक्यात शिबला-पारडी भागात 2021 मध्ये रस्त्याच्या कामात काळ्या दगडाचे कोनदार खांब उघडे पडले. एखाद्या पडक्या देवळाचे वाटावेत इतके ते रेखीव आहेत. प्रत्यक्षात सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होत आकसला, तडकला आणि हे खांब घडले. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलचा कडा अशाच खांबांचा आहे, आणि त्याच्या माथ्यावर लोकांनी गावदेवी बसवली. हाताने न घडलेल्याला आपली परंपरा स्वयंभू म्हणते आणि त्यापुढे नमते.

तरी नुसते थक्क होणे म्हणजे दर्शन नव्हे. जे पाहिले त्याचे काही देणे आपल्याकडे लागते, हे मानले की दर्शन घडते. रेणुकेपुढे ते ओटी भरून फेडतात. शिबल्याला ना पुजारी, ना ओटी. तिथे जाणाऱ्या जोडप्याने दगडाचा एक तुकडाही आठवण म्हणून उचलू नये.