तांब्याभर पाण्याचे ऋण

आपल्या घरात ‘आभार’ हा शब्द सहसा कुणी वापरीत नाही. ताट वाढले म्हणून मुलगा आईचे आभार मानू लागला, तर ती म्हणेल, “अरे, मी का परकी आहे?” सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन असते खरे, पण तेव्हा लोक चपला शोधीत असतात. शब्दातच भार आहे. तो तोंडाने उतरविला की आपण मोकळे, असे पुष्कळांना वाटते. त्यापेक्षा गोव्याकडचा माणूस बरा. तो “देव बरें करूं” म्हणतो. हे ऋण माझ्याने फिटायचे नाही, देवानेच तुझे बरे करावे, एवढे तरी तो कबूल करतो.

मग वारकऱ्याला या शब्दाची गरज काय? गळ्यात माळ पडली की आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहान-थोर पाहात नाही. समोरचा ‘माउली’. याहून मोठा शिष्टाचार कुठे असेल असे आम्हांस वाटत नाही. पण तो दिंडीतल्या दिंडीतच राहतो, हे दुखणे जुने आहे. वाळवंटात सर्व सारखे, असे शतकानुशतके म्हणत आलो. तरी राउळाचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषण करावे लागलेच ना?

आता त्र्यंबकची वाट पाहा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी यात्रा भरते, आणि कोकणपट्टीतल्या दिंड्या जव्हार-मोखाड्याचा मुलूख तुडवीत तिकडे जातात. पोशेरा याच मोखाडे तालुक्यातले गाव. या बाजूला वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती. पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. पीक भात, नागली, वरईचे. पाऊस उदंड पडतो, पण खडकावरून वाहून जातो. होळी सरली की बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात, ते मृग बरसेपर्यंत उतरत नाहीत. कित्येक पाडे वैशाखात टँकरची वाट पाहात बसतात. पौषात तितकी टंचाई नसते, तरी पाणी डोक्यावरूनच आलेले असते.

अशा पाड्यावर दिंडी टेकते. “माउली, पाणी देता का?” म्हणताच दारातली बाई हंडा पुढे करते. दहा जण पितात, दोघे खळखळून चुळा भरतात, एखादा पायही धुतो, आणि “पांडुरंग हरी” म्हणत मंडळी पुढे निघतात. त्या बाईकडे वळून कुणी पाहिले का?

यावर उत्तर तयार असते. “अहो, पाजणारा पांडुरंग! त्याचे नाव घेतले, झाले.” हे आम्हांला पटत नाही. नाथांच्या घरी देवाने श्रीखंड्या होऊन पाणी भरले, ही कथा आपण मान डोलवीत ऐकतो. मग पाणी भरणाऱ्यातच देव पाहावा की नाही? देवाचे नाव पुढे करून माणसाला डोळ्याआड करणे, ही फार सोयीची भक्ती झाली. नेवाश्याला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एवढा ग्रंथ, साक्षात माउलीची वाणी. तरी शेवटी शके १२१२ या सालाबरोबर लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आदराने आले आहे. कर्ता देव म्हणून लेखणी धरणाऱ्याला वगळले नाही. आणि पुंडलिकाचे काय? आईबापांची सेवा टाकून तो उठला नाही, पण दारात आलेल्या पाहुण्याला उभे राहायला वीट तरी दिली!

त्या पाड्यांवरच्या लोकांना कृतज्ञता शिकवायला जाऊ नये. नवे धान्य देवाला दाखविल्यावाचून तोंडात घालायचे नाही, ही वारल्यांची रीत. तेथे धन्यवाद हा शब्द ऐकू येणार नाही, पण घास थांबलेला दिसेल. शहाणी शहरे मात्र घास थांबवीत नाहीत. मुंबई वैतरणेचे पाणी पिते. १९५७ साली मोडकसागर झाला. पुढे मोखाडे तालुक्यात मध्य वैतरणा धरण उठले, १०२ मीटर उंचीचे. मुंबईत नळ सोडताना मोखाड्याची आठवण कितीजणांना होते? आणि आठवण झाली, तरी नुसत्या ‘थँक्यू’ने त्या तालुक्यातला एक तरी हंडा भरेल काय?

म्हणून शब्द नको असे नव्हे. घरच्या माणसांत तो परका वाटत असेल तर “तू जेवलीस का?” एवढे विचारावे, ताट आपले आपण उचलावे. एस.टी.च्या कंडक्टरलाही, माळ गळ्यात असो-नसो, माउली म्हणावे. आणि येत्या पौषात जव्हार-मोखाड्याकडून जाणाऱ्या मंडळींनी पाड्यावर पाणी प्याल्यावर त्या बाईला नमस्कार करावा, दिंडीतले दोघे तरणे गडी रिकामा हंडा घेऊन विहिरीवर जावेत, आणि तो भरून दारात ठेवल्यावर मग टाळ उचलावेत. थोडा उशीर होईल. विहीर किती लांब आहे तेही कळेल.