पंचनामा आणि रील

मेहकर तालुक्यात पैनगंगेच्या काठावर एक गाव आहे. तिथला तलाठी तरुण, कामाला चोख. कागदोपत्री पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावाच्या तोंडी मात्र तलाठी साहेबच. सातबाऱ्यासाठी त्यानं कुणाला हेलपाटे घालायला लावले नाहीत, कुणाचा चहाही फुकट घेतला नाही. नाद एकच, रीलचा. कार्यालयाच्या पाटीखाली रील, फेरफाराची माहिती देताना रील. रीलच्या खात्याच्या नावातच पदनाम होतं आणि चाहते वाढत होते.

त्या पावसाळ्यात पैनगंगा पात्र सोडून शिवारात घुसली. सोयाबीन गेलं ते गेलंच, काठच्या वावरांतली माती खरडून मुरूम उघडा पडला. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्यासाठी बांधाबांधानं फिरू लागले. एका विधवा आजीच्या दोन एकरांत ते पोचले, तेव्हा ती डोळ्यांना पदर लावून बांधावर बसली होती. तलाठ्यानं पंचनाम्यासाठी वावराचे फोटो घेतले. ते घ्यावेच लागतात. मग त्यानं मोबाइल आजीकडे वळवला. रात्री त्या चित्रीकरणाला करुण गाणं जोडलं, मथळ्यात गावाचं नाव टाकलं. सकाळपर्यंत रील जिल्हाभर पोचली होती.

त्याचा हेतू वाईट नव्हता. आजीला मदत लवकर मिळावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यात आपलंही थोडं नाव व्हावं, असंही वाटत होतं.

काही दिवसांनी आजी कार्यालयात आली.

"साहेब, थो व्हिडिओ काहाडून टाका."

"अहो माय, हजारो लोक हळहळले तुमच्यासाठी!"

"हळहळीनं काय होते? कृषी केंद्रवाला दरसाल बी-खत उधार देते. आता म्हन्ते, तुह्या वावरात मातीच नाई राह्यली, हरभरा कायच्यात पेरशीन? नगदी आन. नातीले पाहाले पाव्हने येनार व्हते, त्यायचाबी फोन नाई आला." ती जरा थांबली. "बापू, माहं नुकसान सरकारले सांगाले तुले बलावलं व्हतं. दुनियेले सांग, असं म्या कवा म्हनलं?"

मंडळ अधिकारी त्या दिवशी तिथंच बसले होते. आजी गेल्यावर त्यांनी फाइलमधून सामान्य प्रशासन विभागाचं २८ जुलै २०२५ चं परिपत्रक काढलं. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा. वैयक्तिक खात्यावरच्या रीलमध्ये पदनाम, गणवेश, सरकारी वाहन, इमारत दिसू देऊ नका. कार्यालयीन कागद परवानगीशिवाय पुढे पाठवू नका. कामाच्या यशाबद्दल लिहा, पण स्वतःची आरती ओवाळू नका. मोडलंत तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली कारवाई. (त्यात सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, असंही आहे. त्यावर वाद होऊ शकतो, आणि व्हायलाही हवा; पण इथला प्रश्न तो नव्हता.)

"साहेब, हे मी वाचलंय," तलाठी म्हणाला. "पाटी आणि पदनाम आजच काढतो."

"काढा. पण त्या वावरात पाटी नव्हतीच. तुम्ही तलाठी म्हणून गेलात, म्हणून तिनं डोळे पुसायची घाई केली नाही. मोबाइलवाला परका पोरगा आला असता, तर तिनं बांधावरून हाकलला असता."

तलाठी गप्प झाला. त्यानं रील काढली, पण तोवर ती कितीतरी जणांनी आपापल्या पानांवर चढवली होती. दुसऱ्या दिवशी तो कृषी केंद्रात गेला. खरडून गेलेल्या जमिनीला निकषाप्रमाणे हेक्टरी ४७ हजार मिळतात, दोन एकरांचे साधारण ३८ हजार होतात, हे त्यानं दुकानदाराला नीट समजावलं. दुकानदारानं निम्मं बियाणं उधार दिलं. आजीची ई-केवायसी करायला तलाठी स्वतः तिच्यासोबत केंद्रावर गेला. त्याचा फोटो त्यानं काढला नाही.

मदत खात्यात आली. पाव्हणे मात्र आले नाहीत, आणि ती रील दुसऱ्यांच्या पानांवर अजून फिरते आहे.