गंज झाकावा की सांगावा?

आपल्यापैकी कुणाच्या घरी जुनी जीप किंवा जिप्सी असेल, तर हा लेख जरा जास्त जवळचा वाटेल. नसेल तरी वाचावा, कारण प्रश्न गाडीपुरता नाही. एखादा दोष फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, समोरच्याला तो दिसत नाही आणि त्याने विचारलेलेही नाही. अशा वेळी गप्प राहणे हे असत्य आहे का?

आधी गाडी समजून घेऊ. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींना वेगळी चासी नसते, बॉडी हाच त्यांचा सांगाडा. जुन्या जीप आणि जिप्सी मात्र शिडीसारख्या पोलादी चासीवर उभ्या असतात: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, कमान-पाटे, स्टिअरिंगचा बॉक्स, बॉडी, सगळ्यांचा भार शेवटी या शिडीवर. दरवाजाचा पत्रा सडला तर गाडी कुरूप दिसते, एवढेच. पण पाटे जिथे अडकवलेले असतात तिथे चासी सडली, तर भर घाटात पाटा सुटून चाक जागचे हलू शकते.

लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की गंज धरतो, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तो फार लवकर वाढतो. ॲल्युमिनियमवर जो थर येतो तो खालच्या धातूचे रक्षण करतो. गंज असे काही करत नाही. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. त्यातून ज्या गाड्यांचे दांडे डब्यासारखे बंद असतात, त्यांच्यात चिखल शिरतो, पाणी निघून जायची भोके बुजतात आणि आत ओल राहते. त्यामुळे बाहेरून रंगाला लहानसा फोड दिसतो, तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. म्हणून जुने मेस्त्री नुसते बघत नाहीत, हातोडीने ठोकून ऐकतात. चांगले पोलाद खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते. शंका आली की तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहतात. तो आत गेला, तर पुढे बोलायचे काही उरत नाही.

उपायही सांगून ठेवते. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने चकचकीत लोखंड लागेपर्यंत खरवडायचे. खाचेतला जो निघतच नाही त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावायचे. मग प्रायमर, मग रंग, आणि बंद दांड्यांच्या आत मेण फवारायचे. भोक पडले असेल तर सडलेला भाग कापून टाकून तेवढ्याच जाडीची नवी पट्टी वेल्ड करायची. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची. चासी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर फिरवायचा नाही, कारण आरसी बुकातली गाडीची ओळख ती आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, गंजावरच पट्टी मारायची नाही. सडक्या पोलादाला वेल्ड धरत नाही, धरल्यासारखा फक्त दिसतो.

आता दुसरा उपाय, जो फार चालतो. गाडी विकायच्या आठवड्यात खालून पाण्याचा फवारा मारायचा आणि न खरवडता डांबरासारखा काळा थर चढवायचा. दोन दिवसांत चासी नवी दिसते. आत अडकलेली ओल मात्र बाहेर पडू शकत नाही, आणि वर कुणाला न दिसता गंज पुढे चालू राहतो. गंमत बघा, दोन्ही उपायांत रंग काळाच आहे, ब्रश तोच आहे, कदाचित हातही तोच. एक रंग लोखंड राखतो, दुसरा भाव राखतो. आपल्याकडे म्हण आहेच, झाकली मूठ सव्वा लाखाची. जुन्या गाड्यांच्या बाजारात ती फार शब्दशः घेतली जाते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. व्यापारी कायद्याच्या पेपरात १८७२ चा भारतीय करार कायदा येतो आणि त्यात कलम १७ हे फसवणुकीचे. हे कलम म्हणते की नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. उदाहरण घोड्याचे आहे. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो, घोड्यात दोष आहे हे ‘अ’ला माहीत आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. हे उदाहरण सगळ्यांच्या लक्षात राहते, कारण ते सोयीचे आहे. घोड्याच्या जागी जीप ठेवली की झाले. आजही लष्कराने वापरून काढलेल्या जिप्सी लिलावातच जातात.

पण त्याच कलमात, लगेच खाली, दुसरे उदाहरण आहे. घोडा तोच, दोष तोच, विकणाराही तोच. फरक एवढाच की घेणारी ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र सांगणे हे ‘अ’चे कर्तव्य ठरते. शिवाय, जाणूनबुजून दोष झाकणे हे या कलमात वेगळे नमूद आहे आणि ती सरळ फसवणूक आहे. म्हणजे गंज उघडा ठेवून गप्प राहणारा आणि त्यावर काळा थर चढवून गप्प राहणारा, हे दोघे कायद्याच्याही नजरेत सारखे नाहीत.

मला त्या मुलीचे उदाहरण फार मोठे वाटते. कायदा तिथे दोषाची मोजणी बदलत नाही, नाते बदलतो. परक्याला सांगणे भाग नाही, मुलीला सांगणे भाग आहे. आणि आपण सत्संगात बसून दर आठवड्याला काय म्हणतो? की परका कुणीच नाही, सगळे विश्व एक कुटुंब आहे. हे वाक्य मनापासून म्हणायचे असेल, तर कलम १७ मधले पहिले उदाहरण साधकाला वापरता येत नाही. त्याच्या वाट्याला दुसरेच येते. कायद्याने इथे कमी मागितले म्हणून कायद्याला दोष देऊ नये. कायदा सगळ्यांसाठी असतो, साधना आपण आपणहून पत्करलेली असते.

भाषांतराची सेवा करताना ‘सायलेन्स’ हा शब्द सारखा समोर येतो. मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही. कधी ‘मौन’ लिहावे लागते, कधी ‘शांतता’, आणि कधी, संदर्भ पाहून, ‘गप्प बसणे’. मौनात आपण आपले काही सोडतो. गप्प बसून आपण काही मिळवत असू, तर त्याला मौन म्हणणे हा मौनाचा अपमान आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली. गॅरेजमध्ये जाऊन ‘जरा खालून काळे करून द्या’ एवढेच म्हणणाऱ्याने ब्रश हातात धरलेला नसतो. रंगवणारा म्हणतो, मालकाने सांगितले. दलाल म्हणतो, मी तर फक्त गाठ घालून दिली. घाटातल्या वळणावर मात्र या तिघांचे मिळून जे झाले ते एकच असते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला हलका वाटत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला खरे बोलणे स्वस्त पडते. भाजी वाहणाऱ्या माणसाची जुनी जीप हीच त्याची ठेव असेल, मुलीची फी त्या विक्रीवर अडली असेल, तर वीस-तीस हजारांचे सत्य त्याने का परवडवून घ्यावे? मला याचे गुळगुळीत उत्तर देता येत नाही. एवढे मात्र दिसते, की अशी जुनी गाडी घेणारा बहुधा त्याच्यासारखाच असतो. श्रीमंत माणूस नवी घेतो. म्हणजे तोटा नाहीसा होत नाही, एका गरिबाकडून दुसऱ्या गरिबाकडे सरकतो, आणि दुसऱ्याला तो पैशांत नव्हे, हाडांत मोजावा लागण्याची शक्यता असते.

आणखी एक पळवाट आहे, सभ्य माणसांची. ‘जुनी गाडी आहे, थोडाफार गंज असणारच’ किंवा ‘पासिंग झालेले आहे ना’. दोन्ही वाक्ये खरी असतात. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नूतन करावी लागते, तेव्हा तपासणी होतेच. पण ‘थोडाफार’ हा शब्दही काळ्या रंगाचेच काम करतो. सत्य सांगायचे तर जागा सांगावी लागते: मागच्या डाव्या पाट्याच्या ब्रॅकेटपाशी, चार बोटे, आरपार. स्वतःच्या स्वभावाबद्दल बोलतानाही आपण हेच करतो. ‘माझ्यातही दोष आहेत’ हे सगळेच नम्रपणे म्हणतात. कुठे, कुणाशी वागताना आणि किती, हे सांगायची वेळ आली की हातोडी खाली ठेवतो.

माझ्या मामांनी मालवणजवळची त्यांची जीप गेल्या वर्षी विकली. त्यांनी तो ब्रॅकेट कापून नवी पट्टी वेल्ड करून घेतली, पण मुद्दाम रंग लावू दिला नाही, फक्त रेड ऑक्साइड. घेणाऱ्याला जोड दिसायला हवा, असे त्यांचे म्हणणे. कुठे काय केले आणि पुढच्या पावसाळ्याआधी उजवी बाजू उघडून बघावी लागेल, हे त्यांनी मराठीत लिहून काढले. घेणारे सकलेशपूरचे, कॉफीच्या मळ्यावर मजूर ने-आण करायला जीप हवी होती, आणि त्यांना मराठी वाचता येत नव्हते. म्हणून मी तो कागद हिंदीत उतरवून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, गाडीखाली सरकून मोबाईलवर जोडाचा फोटो काढला, बाहेर येऊन हात झटकले आणि ठरलेल्या भावातून आणखी आठ हजार कमी करायला सांगितले. मामा सहावर तयार झाले.