पोस्त : दान की ऋणफेड?

दीपावलीत मोलकरीण, दूधवाला, टपालवाला, रस्ता झाडणारा यांना पोस्त व फराळ देण्याची चाल आहे. त्या वेळी गृहस्थास आपण दान केले असे वाटते. हे देणे खरोखर दान आहे काय?

गीतेच्या सतराव्या अध्यायातील विसाव्या श्लोकाप्रमाणे, ज्याच्याकडून प्रत्युपकाराची आशा नाही अशा सत्पात्रास, योग्य देशकाली, केवळ कर्तव्यबुद्धीने दिलेले दान सात्त्विक होय. परंतु ज्याने वर्षभर आपल्या दारापुढील रस्ता झाडला, त्याचा उपकार आधीच घडलेला आहे. त्यास देणे म्हणजे ऋण फेडणे होय.

कोणी म्हणेल, 'त्याचे वेतन दरमहा चुकते होतेच.' वेतनाने कामाचे मोल होते. परंतु भर पावसात पहाटे दूध वेळेवर पोहोचविण्यामागील आस्था कोणत्या वहीत मांडणार? देवांनी दिलेले भोग त्यांना अर्पण न करता भोगणाऱ्यास भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. माणसांकडून घेतलेल्या सेवेसही हाच न्याय लावावयास हवा.

देण्याची रीतही पाहावी. सत्काराविना, अवज्ञेने दिलेले दान तामस ठरते (१७.२२), मग उंबऱ्याआडून उरलासुरला फराळ पुढे केल्याने ऋण तरी कसे फिटेल? देवास नैवेद्य झाल्यावर पहिले ताट त्यांचे असावे. त्यांना नावाने हाक मारावी, बसवावे, मुलाबाळांची विचारपूस करावी.

ऋण असे फेडून झाल्यावर, ज्याचे आपल्यावर काहीच उपकार नाहीत अशा गरजवंताकडे वळावे. दानास आरंभ तेथून होतो.